न पाठवलेला मजकूर

मृणाल खांबेटेनं तो प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती डब्यातली भेंडीची भाजी खात होती. दुपारचा एक वाजून गेला होता. लखनौच्या रायबरेली रोडवरच्या त्या खासगी फार्मसी कॉलेजात या वेळेला सगळं सुस्तावतं, कारकून उन्हात खुर्च्या टाकून मुंगफली सोलत बसतात, आणि कॉलेजची वेबसाइट सांभाळणारी मृणाल आपल्या खोलीचं दार लोटून संगणकासमोरच जेवते. पडद्यावर एक लहानसा बाण हलत होता. तो तिचा नव्हता. काल संध्याकाळी पाच चाळीसला साइटवर आलेल्या कुणाचा तरी होता. चाचणीसाठी घेतलेल्या नव्या सॉफ्टवेअरनं त्या माणसाची प्रत्येक हालचाल टिपून ठेवली होती आणि आता ते तो सगळा वेळ जसाच्या तसा तिच्यापुढे चालवून दाखवत होतं. बाण हजेरीच्या पानावर गेला, तिथून परीक्षेच्या वेळापत्रकावर, तिथं थोडा घुटमळला, मग सरळ खाली उतरून, जिथं सहसा कुणी फिरकत नाही त्या तळाच्या बारीक अक्षरांवर टेकला: महिला तक्रार निवारण. फॉर्म उघडला. मोठ्या चौकोनात अक्षरं उमटू लागली. रोमन लिपीतली हिंदी. 'टेंबे सर ने प्रोजेक्ट की फ़ाइल लेकर घर बुलाया था. जानकीपुरम. आंटी नहीं थीं.' अक्षरं थांबली. मृणालचा घास हातातच राहिला. 'बोले तुम तो मेरी बेटी जैसी हो.' पुन्हा थांबली, या वेळी इतका वेळ की मृणालला वाटलं, नोंद इथंच संपली. मग शेवटच्या अक्षरापासून पुसणं सुरू झालं. एकेक अक्षर, घाई न करता, जसं कुणी फरशीवर सांडलेलं निगुतीनं टिपून घ्यावं. चौकोन कोरा झाला. बाण थोडा वेळ त्या कोऱ्या चौकोनाभोवती फिरला आणि पान बंद झालं.

तिनं डबा बंद केला. भाजी तशीच राहिली. हात धुवायला उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली, कारण पडदा तसाच उघडा टाकून जाणं तिला धोक्याचं वाटलं. खरं तर त्यावर आता काहीच नव्हतं. तिनं उष्ट्या हाताची मूठ मांडीवर धरून ठेवली आणि डाव्या हातानं तीच नोंद पुन्हा लावली.

हे काम तिच्याकडे आलं होतं ते प्रवेशांमुळे. दोन वर्षं जागा रिकाम्या राहत होत्या. प्राचार्य श्रीवास्तवांनी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी तिला बोलावून सांगितलं होतं, "मृणाल जी, लोग वेबसाइट पर आते हैं, आधा फ़ॉर्म भरते हैं और भाग जाते हैं. क्यों भागते हैं? कोई मशीन होगी न, जो बता दे?" मशीन म्हणजे सॉफ्टवेअर. मृणालनं तीन निवडली. एक फुकटचं, सगळे वापरतात ते; ते वर्षभर साइटवर होतंच, किती लोक आले, कुठल्या गावाहून, कुठलं पान किती वेळ पाहिलं एवढं मोजणारं. दुसरं तसंच मोजणारं, पण आकडे बाहेर न पाठवता कॉलेजच्याच संगणकावर ठेवणारं. आणि तिसरं हे, नोएडाच्या एका कंपनीचं, चौदा दिवस वापरून पाहायला दिलेलं. ते विकणारा रणजित नावाचा तरुण फोनवर मोठ्या उत्साहानं म्हणाला होता, "मैडम, गिनती तो सब देते हैं. हम आपको विज़िटर का मन दिखाएँगे." ती हसली होती. लखनौत माणसं बोलतात तसं, मोठं बोलणं. ते बसवताना एक लहानशी चौकट समोर आली होती, लोकांनी टाइप केलेला मजकूर झाकायचा आहे का, म्हणून. तिनं तिथं खूण केली नव्हती. मुलं प्रवेशाच्या फॉर्ममध्ये कुठं अडतात ते दिसायला हवं, मग झाकून कसं चालेल? त्या वेळी हे किती सरळ वाटलं होतं. आता तिला आठवत होतं ते फक्त त्या रिकाम्या चौकटीवरून पुढे सरकलेलं आपलं बोट.

'मेरी बेटी जैसी.' मराठीत ते जरा वेगळं यायचं. तू मला मुलीसारखी आहेस गं, मृणाल. 'गं' थोडा लांबवून. डॉक्टर भास्कर टेंबे म्हणजे भास्करकाका. आणि ते कुणाचे नव्हते काका? मृणालचे वडील आत्माराम खांबेटे रेल्वेच्या संशोधन संस्थेत होते, मानक नगरच्या क्वार्टरमध्ये तिचं लहानपण गेलं. तेव्हा त्यांच्या ओळखीतली मराठी घरं आठ, फार तर नऊ. कुणी औषधांच्या संशोधनात, कुणी विद्यापीठात, कुणी हवाई दलात आणि म्हणून दर तीन वर्षांनी बदलणारं. गणपतीला सगळे एकत्र, कोजागरीला एकत्र, कुणाकडे पुण्याहून भाजणी आली की नऊ पुड्या व्हायच्या. त्या सगळ्यांत भास्करकाका सगळ्यांत विद्वान, सगळ्यांत हसरे, आरत्या खड्या आवाजात म्हणणारे. मृणाल बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचं रसायनशास्त्र कच्चं आहे असं ठरलं आणि दर गुरुवारी तिनं त्यांच्याकडे जानकीपुरमला जायचं असंही ठरलं. मानक नगर ते जानकीपुरम म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक, चारबागला टेम्पो, म्हणजे माणसं कोंबून धावणारी तीनचाकी, बदलायचा. काकू बँकेत, संध्याकाळी सहाला यायच्या. मृणाल चारला पोचायची. ते दोन तास. टेबलावर पेरूच्या फोडी मीठ लावून ठेवलेल्या असायच्या, वहीत बेंझीनची षटकोनं, आणि खुर्चीच्या मागून येऊन मानेवर टेकलेला हात, जो काहीतरी समजावून सांगत असल्यासारखा तिथंच राहायचा. मग तिथंच राहायचा नाही. ती षटकोन काढत राहायची. पेन्सिल इतकी दाबून की पुढच्या चार पानांवर वळ उमटायचे. हे सतरा वर्षांपूर्वीचं. इतक्या वर्षांत तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि असंही नव्हे की ते रोज छळत होतं. ते नुसतं होतं, घरात एखादं कपाट असावं तसं, ज्याच्या बाजूनं अंग चोरून जायची सवय होऊन गेलेली. बाबा गेले तेव्हा याच भास्करकाकांनी शब्द टाकून तिला इथं नोकरी लावली. त्यानंतर ते निवृत्त झाले आणि इथंच सल्लागार म्हणून येऊ लागले, मुलींना प्रोजेक्टसाठी मार्गदर्शन करू लागले. दर गणपतीत ती वाकून त्यांना नमस्कार करत आली होती. वाकताना मान पुढे येते, हे तिला दर वर्षी त्या क्षणी जाणवायचं आणि उठेपर्यंत ती ते विसरलेली असायची.

त्या दिवशी तिनं ती नोंद पाच वेळा पाहिली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या आणखी दोनदा. तिचं इतर कशात लक्ष लागेना. ती उठून खिडकी उघडे, वाऱ्यानं कागद उडतात म्हणून लावून घेई. मागे जाऊन पाहिल्यावर आणखी एक सापडली, चार दिवसांपूर्वीची. तोच लॅपटॉप, तेच पान. तेव्हा फक्त 'सर ने' एवढंच लिहून पुसलं होतं, पण नाव आणि रोल नंबरच्या रकान्यांवर बाण कितीतरी वेळ अडकून राहिला होता. दोन्ही रकान्यांपुढे लाल चांदणी. भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. ती चांदणी मृणालनंच लावली होती, गेल्या साली, कॉलेजची तपासणी करायला पथक येणार म्हणून दोन दिवसांत ते पान बनवायला सांगितलं होतं तेव्हा. भरलेली तक्रार कुणाकुणाच्या मेलवर जाईल तेही तिनंच घातलं होतं: प्राचार्य, समितीच्या प्रमुख मिश्रा मॅडम, आणि ज्येष्ठ सल्लागार डॉ. टेंबे. तिघांची नावं पानावर ठळक अक्षरांत. घालताना तिचा हात थांबला होता का? तिनं आठवायचा खूप प्रयत्न केला. थांबला नव्हता. पथकातल्या बाईंनी पान पाहून मान डोलावली होती, आणि श्रीवास्तव सर चहा देता देता म्हणाले होते, "मैडम, हमारे यहाँ आज तक एक भी शिकायत नहीं."

सर्वांत वाईट गोष्ट तिनं बुधवारी केली. नोंदीच्या सुरुवातीला, हजेरीच्या पानावर शिरताना, त्या मुलीनं आपला रोल नंबर टाकला होता. पहिल्या खेपेनंतर दर वेळी मृणालनं तेवढ्या भागावर तळहात धरला होता, एकटीच असताना, पडद्यावर खरोखरचा हात. बुधवारी तिनं हात काढला. नंबर वहीत उतरवला, यादीत शोधला, नाव मिळालं, तिसरं वर्ष. ते नाव इथं सांगायचं कारण नाही. जेवणाच्या सुट्टीत ती खाली लायब्ररीच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली, सूचनाफलक वाचत असल्यासारखी. मुलगी आली, हिरवा स्वेटर, खांद्यावर पिशवी, कूलरमधून पाण्याची बाटली भरू लागली. बाटली भरेपर्यंत तिनं दोनदा मागे वळून पाहिलं. मृणालला तिच्याविषयी इतकं माहीत होतं की तिच्या आईलाही नसेल. ती कुठल्या शब्दापाशी थांबते, आणि पुसताना घाई करत नाही, हेही. आणि मुलीला मृणालचं नावही माहीत नव्हतं. "नमस्ते मैम," ती जाता जाता म्हणाली, कारण समोर कुणीतरी मोठं टक लावून पाहत उभं होतं. मृणाल नमस्ते म्हणाली. काय बोलणार होती ती? मला ठाऊक आहे, म्हणून? तू पुसलंस ते मी वाचलं, सात वेळा वाचलं, म्हणून? मुलगी वळणावर दिसेनाशी झाली तरी ती तिथंच होती. कुणी आपल्याला मागून येऊन न विचारता हात लावावा तेव्हा जे वाटतं ते तिला ओळखीचं होतं. आज मागून आलेली ती स्वतः होती. वर येऊन तिनं वहीतलं ते पान फाडलं, बारीक तुकडे केले, आणि ते कचऱ्याच्या टोपलीत टाकायचा धीर न होऊन पर्समध्ये कोंबले.

त्याच दुपारी भास्करकाका तिच्या खोलीत आले. दार लोटलेलं होतं. त्यांनी ते बोटानं ढकललं आणि चौकटीत उभे राहिले. पांढरा स्वच्छ शर्ट, वर हाफ स्वेटर, हातात चहाचा कप.

"काय मृणाल, आई कशी आहे? गुडघे काय म्हणतायत?"

"बरी आहे, काका."

"मालिश वगैरे करतेस की नाही? थंडी वाढतेय हं." चहाचा एक घोट. "ते रेकॉर्डिंगवालं काय आणलंयस म्हणे तू? श्रीवास्तव सांगत होता. सगळं दिसतं त्यात?"

"दिसतं."

"सगळं म्हणजे?"

"कुठं गेले, कुठं थांबले. काय लिहिलं." तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. "काय लिहून पुसलं, तेही."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"अच्छा," भास्करकाका म्हणाले. मग आवाज नेहमीसारखाच मऊ करून, "मला विचारशील तर हे बरोबर नाही. पोरांचं काही खासगी असतं की नाही? उद्या कुणी काही मनात येईल ते लिहितं, पुसतं, माणूस आहे. त्यावरून आपण कुणाबद्दल काही ठरवायचं का? तू शहाणी आहेस. साधं मोजणारं घे, पुरे झालं." निघताना त्यांचा मोकळा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर क्षणभर टेकला. खुर्चीच्याच. तिच्या मानेचे स्नायू तरी आवळले, आणि ते गेल्यावरही कितीतरी वेळ सुटले नाहीत.

तिला चीड आली ती ते खरं बोलले याची. दोन दिवस ती मनात जे घोळवत होती, हे विकत घ्यायचं नाही, हे कुणाच्याही हातात असता कामा नये, माझ्यासुद्धा, नेमकं तेच त्यांनी बोलून दाखवलं होतं. आता तिनं अहवालात तसं लिहिलं तर ती त्यांच्याच बाजूनं लिहिल्यासारखं होईल. आणि उलट लिहिलं, ती नोंद उतरवून घेऊन श्रीवास्तवांपुढे ठेवली, तर? त्या मुलीनं दोनदा मन घट्ट केलं होतं आणि दोनदा मागे घेतलं होतं. तो निर्णय तिचा होता. तो तिच्या हातून काढून घेऊन चार माणसांसमोर पडद्यावर चालवायचा, तिचं थांबणं, पुसणं, सगळं? संध्याकाळी टेम्पोत तिच्या शेजारी एक बाई पिशवीतले मटार सोलत बसली होती. मृणाल त्या बोटांकडे पाहत राहिली, उतरायचं ठिकाण एक चौक मागे गेलं, आणि ती तेलीबागच्या बाजारातून उलटी चालत घरी आली.

आई, लीलावतीबाई, स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होत्या. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी खाली बसू नका म्हणून बजावलं होतं, त्या बसायच्या. मृणाल चप्पल काढून तशीच समोर जमिनीवर बसली आणि एक जुडी ओढून घेतली. थोडा वेळ दोघी निवडत राहिल्या. मग तिनं सांगितलं, म्हणजे आधी मुलीचंच सांगितलं, नाव न घेता. आमच्या कॉलेजात एक मुलगी आहे. तिला प्रोजेक्टसाठी घरी बोलावलं. जानकीपुरमला. आईचे हात थांबले नाहीत. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

"भास्करनं," लीलावतीबाई म्हणाल्या. विचारल्यासारखं नव्हे.

मृणालनं वर पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"तू गुरुवारी घरी आलीस की मान धुवायचीस. जानेवारीत. नळाचं गार पाणी, साबण लावून, पुन्हा पुन्हा. मी दुधाचं पातेलं घेऊन इथून तिथं जायची, तर तू आपली मोरीत उभी. तीन गुरुवार पाहिलं." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "चौथ्या गुरुवारी मी तुला म्हटलं, आजपासून माझ्याबरोबर दत्ताच्या आरतीला चल, एकटीला जायचा कंटाळा येतो. आठवतं?"

आठवत होतं. आईला एकदम देवाचं वेड लागलं असं तेव्हा घरात सगळ्यांनाच वाटलं होतं, बाबांनी थट्टासुद्धा केली होती. सतरा वर्षं मृणाल समजत होती की ती योगायोगानं सुटली.

"तू बोलली का नाहीस?" तिचा आवाज चढला. "मला नाही, तर बाबांना तरी. त्यांच्या बायकोला. कुणाला तरी!"

"कुणाला बोलू? परक्या गावात आठ घरं आपली. तुझ्या बाबांचा जीव होता त्याच्यावर." लीलावतीबाईंचा आवाज तसाच होता, फक्त हात आता थांबले होते. "मला वाटलं, तुझं जाणं बंद केलं, झालं. संपलं. दुसऱ्या कुणाच्या पोरीचा विचारच आला नाही गं माझ्या मनात. खरं सांगते. आलाच नाही."

मृणालला रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही. त्याऐवजी तिला भयंकर भूक लागली. दोन दिवस ती नीट जेवली नव्हती. आई उठली, धिरडी घातली, आणि ती तव्यावरून येतील तशी उभ्या उभ्या खात सुटली. त्यानंतर त्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही. पण अंथरुणावर पडेपर्यंत आई दोनदा तिच्या खोलीच्या दाराशी आली, एकदा पांघरूण हवं का विचारायला आणि एकदा काहीच न विचारता.

गुरुवारी तिनं वर्षभर साइटवर असलेलं ते जुनं मोजणीचं सॉफ्टवेअर उघडलं. अहवालात तिघांची तुलना द्यायची होती. पानांची यादी लावली. प्रवेश, शुल्क, वसतिगृह, निकाल, सरासरी मुक्काम चाळीस सेकंद, पन्नास सेकंद. खाली, खूप खाली, तक्रारीचं पान. वर्षभरात एकसष्ट वेळा उघडलेलं. सरासरी मुक्काम नऊ मिनिटं. पाठवलेल्या तक्रारी शून्य. ती ओळ तिनं याआधी पाहिली होती. तीन-चार वेळा तरी पाहिली होती, दर तिमाहीच्या कागदात ती असायची. नऊ मिनिटं हा आकडा चुकीचा असणार, कुणीतरी पान उघडं टाकून चहाला गेलं असणार, असं म्हणून पुढे गेली होती. आता ती त्या नऊकडे बघत बसली. एकसष्ट वेळा कुणीतरी त्या चौकोनासमोर नऊ-नऊ मिनिटं बसून उठून गेलं होतं. हे कळायला कुणाच्या बोटांवर नजर ठेवायची गरजच नव्हती. आकडा उघडा पडलेला होता, आईला मोरीत दिसलं तसा. दिसूनही जाऊ दिला होता.

शुक्रवारी सकाळी ती आठलाच पोचली. आधी नोएडाच्या त्या सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या नोंदी पुसल्या. खरंच पुसायच्या का, असं त्यानं तिला दोनदा विचारलं. मग ते साइटवरून काढलं. मग तक्रारीचं पान उघडलं, नाव आणि रोल नंबरपुढच्या लाल चांदण्या काढल्या, तीन मेलांपैकी दोन काढून फक्त मिश्रा मॅडमचा ठेवला. कुणाला विचारलं नाही. आणि मग, ते पान उघडंच होतं म्हणून असेल, ती त्या चौकोनात लिहू लागली. पहिलं वाक्य हिंदीत आलं, ते पुसलं. मराठीत लिहिलं, तेही पुसलं, कारण मिश्रा मॅडमना वाचता आलं नसतं. पुन्हा हिंदीत लिहिलं. काका की सर, इथंच ती पाच मिनिटं अडली. शेवटी जे झालं ते तारखांसकट लिहिलं, ते वर्ष, गुरुवार, चार ते सहा. मुलीबद्दल एक अक्षरही नाही. नावाचा रकाना आता रिकामा सोडता आला असता. तिनं मृणाल आत्माराम खांबेटे असं पूर्ण लिहिलं आणि पाठवलं.

बैठक अकराला होती. श्रीवास्तव सर, प्रवेश विभागही पाहणाऱ्या मिश्रा मॅडम, आणि सल्लागार म्हणून भास्करकाका. मृणालनं पडद्यावर आकडे दाखवले. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये लोक फोटो चढवण्यापाशी पळतात, कारण मोबाइलवरून तो चढतच नाही. हे मोजणीतूनही दिसतं. आकडे आपल्याकडे ठेवणारं दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं. तिसरं घेऊ नये. भास्करकाका समाधानानं मान हलवत होते. मग तिनं ती ओळ लावली.

"ये क्या है?" श्रीवास्तव सरांनी चष्मा वर केला. "इकसठ बार? किसलिए?"

"यही तो सर. इकसठ बार खुला, नौ-नौ मिनट. एक भी नहीं भेजा गया. इसलिए आज सुबह मैंने फ़ॉर्म बदला है. नाम देना ज़रूरी नहीं. मेल सिर्फ़ मिश्रा मैम के पास जाएगी."

"बिना पूछे?" सर खुर्चीत पुढे सरकले, आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "रेकॉर्डिंग में कुछ देखा है क्या आपने? किसी ने कुछ लिखा?"

खोलीतली तिन्ही माणसं तिच्याकडे पाहत होती.

"रेकॉर्डिंग मैंने मिटा दी हैं, सर."

"तो फिर बात ख़त्म. शिकायत तो कोई है नहीं."

"एक है," मिश्रा मॅडम म्हणाल्या. त्या एवढा वेळ आपल्या फोनकडे पाहत होत्या. बुटक्या, करड्या केसांच्या, सतत घसा साफ करणाऱ्या त्या बाईंचा आवाज एरवी वर्गात मागच्या बाकापर्यंतही पोचत नसे. "आज सुबह आई है. मृणाल की है."

भास्करकाका हसले. अगदी मोकळं, घरगुती हसू. मग मराठीत, जणू त्या खोलीत ते दोघंच असावेत अशा सुरात म्हणाले, "काय गं मृणाल, हे काय नवीन? काही झालं असेल तर मला सांगायचं ना, बाळा. घरातली गोष्ट घरात."

"हिंदी में बोलिए, सर," मृणाल म्हणाली. सर हा शब्द तिला वाटला होता त्याहून सोपा निघाला. "सबको समझ में आना चाहिए."

श्रीवास्तव सर घाईघाईनं म्हणू लागले की ही घरगुती बाब दिसते, कॉलेजचा काय संबंध, आणि केव्हाची आहे. मिश्रा मॅडमनी फोन त्यांच्यापुढे धरला, त्यांनी वाचलं, आणि सतरा साल पुरानी, असं पुटपुटत तो परत सरकवला. "सर," मॅडम घसा साफ करून म्हणाल्या, "उस पन्ने पर मेरा नाम लिखा है. आप नहीं करेंगे तो मैं दर्ज कर रही हूँ." आणि त्यांनी समोरच्या पॅडवर तारीख लिहिली.

पुढचे सात आठवडे कसे गेले ते मृणालला नीट सांगता आलं नसतं. भास्करकाका तब्येतीचं कारण देऊन येईनासे झाले. ओळखीतल्या कुणीतरी आईला फोन करून विचारलं की मुलगी बरी आहे ना, लग्न झालं नाही त्याचा परिणाम असेल. लीलावतीबाईंनी फोन ठेवून दिला. मृणालची खोली बदलून तिला तळमजल्यावर, स्टोअरशेजारी बसवण्यात आलं. आपण खोटं तर लिहिलं नाही ना, असं तिला चालता चालता मध्येच वाटायचं आणि ती रस्त्यात उभी राहायची. हिरव्या स्वेटरवाली मुलगी कधी जिन्यात समोर आली तर मृणाल दुसरीकडे पाहायची. जानेवारीच्या सुरुवातीला मिश्रा मॅडम तिच्याकडे आल्या, स्टोअरमधल्या खोक्यांकडे पाहत म्हणाल्या की आता एकूण चार तक्रारी झाल्या आहेत, बाहेरच्या एक वकील बाई समितीत घेतल्या आहेत, आणि तुमच्या वेळचं माहीत असलेलं कुणी साक्षीला असेल तर बरं. बाकी तिघी कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.

समिती मंगळवारी बसली. धुकं दुपारपर्यंत उठलं नव्हतं. लीलावतीबाईंनी जरीकाठाची साडी नेसली, ती सोडून साधी नेसली, वर मृणालचा जाड कोट घातला. चाळीस वर्षं लखनौत राहून त्यांची हिंदी अजून अडखळतच होती, आणि टेम्पोत त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होत्या. त्यांना आत बोलावलं आणि दार लागलं. मृणाल बाहेरच्या बाकावर बसली. आतून शब्द ऐकू येत नव्हते, फक्त आवाज; कधी वकील बाईंचा, कधी मिश्रा मॅडमचं घसा साफ करणं, आणि मग बराच वेळ आईचा, न थांबता, एका सुरात. मध्ये एकदा तो आवाज एकदम बंद झाला. मृणाल उभी राहिली. दाराच्या मुठीला हात लावला, काढला, आणि बाकावर परत येऊन बसली. थोड्या वेळानं तो आवाज पुन्हा सुरू झाला.

पाऊण तासानं लीलावतीबाई बाहेर आल्या. कोटाची बटणं त्यांनी आत सोडली होती, कपाळावर घाम होता. बाकाला धरून त्या सावकाश बसल्या.

"पाणी आहे का गं?"

मृणालनं बाटली उघडून दिली. लीलावतीबाईंनी ती जवळजवळ सगळी संपवली, पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या धुक्याकडे पाहत बसून राहिल्या. आत काय विचारलं, काय सांगितलं, मृणालनं विचारलं नाही. काही वेळानं त्यांनी हात पुढे केला. मृणालनं तो धरून त्यांना उठवलं.

"टेम्पो नको," लीलावतीबाई म्हणाल्या. "आज आपण रिक्षानं जाऊ."